प्रश्न विचारण्याची रीत आणि उत्तर देण्याची

चैत्री पौर्णिमेची यात्रा आटोपून आठ-पंधरा दिवस लोटले, की जोतिबाचा डोंगर पुन्हा आपल्या नित्याच्या रूपात येतो. सासनकाठ्या आपापल्या गावी परतलेल्या असतात, दवण्याचा वास विरलेला असतो. पायऱ्यांच्या दगडांवर बसलेला गुलाल मात्र पहिल्या वळवाची सर येईपर्यंत हटत नाही. अशाच एका सकाळी, एप्रिलच्या अखेरच्या आठवड्यात, एका पाहुण्यास घेऊन मी डोंगरावर गेलो होतो. पाहुणा म्हणजे माझ्या चुलतभावाचा नातू. जन्म अमेरिकेतला, नागरिकत्व तिकडचे, शिक्षणही तिकडचेच. घरी मराठी बोलण्याचा आग्रह होता म्हणून ती भाषा त्यास चांगली समजते आणि अडखळत का होईना, बोलता येते. ‘कुलदैवताचे दर्शन घेऊन ये’, असे आजीने बजावल्यावरून तो आला होता. विषय राज्यशास्त्र. त्या अभ्यासाच्या निमित्ताने गेल्या हिवाळ्यात चार महिने तो लंडनास राहिला होता.

दर्शन झाल्यावर पन्हाळ्याकडील बाजूस एका कठड्यावर आम्ही टेकलो. बोलण्याच्या ओघात मी सहज विचारले, “लंडनात पाहण्यासारखे काय वाटले?” राजवाडा, नदी, संग्रहालये असे काही उत्तर येईल, अशी माझी अपेक्षा होती. परंतु तो म्हणाला, “आजोबा, मला पार्लमेंट सगळ्यात जास्त आवडलं. आणि सगळ्यात जास्त रागही तिथंच आला.” या सदरात परदेशच्या हकीकती क्वचितच येतात, परंतु त्या एका वाक्यातून पुढे जे संभाषण निघाले आणि त्याचा जो शेवट चार दिवसांनी माझ्याच गावी झाला, तो वाचकांपुढे ठेवल्यावाचून राहवत नाही.

तो ज्या भागात राहत होता, तेथील सभासदाकडून त्याने प्रवेशपत्र मिळविले आणि एका बुधवारी हाउस ऑफ कॉमन्सच्या प्रेक्षकांच्या सज्जात जाऊन बसला. या सज्जास फार काळपर्यंत ‘परक्यांचा सज्जा’ असेच नाव होते. हल्ली त्याच्यापुढे काचेची भिंत आहे. त्या काचेतून खाली पाहताच त्यास पहिले नवल वाटले ते सभागृहाच्या लहानपणाचे. सभासद ६५० आणि बसण्याची सोय ४२७ जणांची! उरलेले दाराशी दाटीवाटीने उभे. ही काटकसर नव्हे, हे मुद्दाम ध्यानात घेण्यासारखे आहे. १९४१ च्या मे महिन्यात जर्मन बाँबहल्ल्यात ते सभागृह जळाले. ते पुन्हा बांधावयाचे ठरले, तेव्हा ते पूर्वीसारखेच लांबट आणि सर्व सभासदांस न पुरेल एवढेच असावे, असा आग्रह चर्चिल यांनी धरला. फार मोठ्या दालनात थोडी माणसे बसली, की बोलणे भाषणवजा होते. लहान जागेत समोरासमोर बसले, की ते संभाषणासारखे होते, असे त्यांचे म्हणणे. नवे सभागृह १९५० च्या ऑक्टोबरात उघडले, ते याच मापाचे.

दुसरे नवल बैठकीच्या मांडणीचे. अमेरिकेत सभासद अर्धवर्तुळात, सारे अध्यक्षांकडे तोंड करून बसतात. आपल्या लोकसभेचीही ठेवण साधारणतः तशीच. लंडनात मात्र सरकारपक्ष आणि विरोधी पक्ष यांची बाके एकमेकांसमोर. मध्ये गालिच्यावर दोन तांबड्या रेघा; त्यांमधील अंतर दोन तलवारींच्या लांबीचे, असे सांगण्याचा प्रघात आहे. बोलणाऱ्याने आपल्या बाजूची रेघ ओलांडावयाची नाही. कोणी कोणास नावाने हाक मारावयाची नाही; ‘अमुक मतदारसंघाचे सन्माननीय सभासद’ असेच म्हणावयाचे. ‘तुम्ही’ हा शब्दही समोरच्यास वापरावयाचा नाही, कारण सभागृहात ‘तुम्ही’ म्हणजे केवळ अध्यक्ष. जे बोलावयाचे ते त्यांस उद्देशून. टाळ्या वाजविण्याची चाल नाही; मान्यता द्यावयाची ती ‘ऐका, ऐका’ असे म्हणून.

आणि मग ठीक बारा वाजता इंग्लंडचे मुख्य प्रधान उठून उभे राहिले. १९६१ पासून त्यांना प्रश्न विचारण्याची निश्चित वेळ राखून ठेवलेली आहे; प्रथम आठवड्यातून दोनदा पंधरा-पंधरा मिनिटे असत, १९९७ पासून बुधवारी एकदाच अर्धा तास असतो. विरोधी पक्षाच्या नेत्यास सहा प्रश्न मिळतात. यातील मौज अशी, की आगाऊ लेखी दिलेला पहिला प्रश्न बहुधा ‘आज मुख्य प्रधानांचे कोणकोणते कार्यक्रम आहेत’, एवढाच असतो. खरा प्रश्न त्यास जोडून विचारला जाणारा उपप्रश्न. तो काय येणार, हे मुख्य प्रधानांस ठाऊक नसते. रुग्णालयातील एखादी रांग निघेल, एखादा पूल निघेल, नाही तर कोठली लढाई. टाचणांची वही पुढे असते. परंतु पाने चाळण्यास सवड नसते.

“आजोबा,” तो म्हणाला, “माझ्या देशाच्या राष्ट्राध्यक्षाला असं उभं राहावंच लागत नाही.” हे अक्षरशः खरे आहे. अमेरिकेच्या घटनेने राज्यकारभार चालविणारे आणि कायदे करणारे यांमध्ये भिंत घातली. राष्ट्राध्यक्षाचे सचिव काँग्रेसच्या समित्यांपुढे साक्षीस येतात व तेथे त्यांची झाडाझडतीही होते. परंतु स्वतः राष्ट्राध्यक्ष वर्षातून एकदा समारंभाने येऊन भाषण करतो व टाळ्या घेऊन परत जातो. तेही मधली शंभरावर वर्षे लेखी संदेश पाठवूनच भागत असे. प्रत्यक्ष येऊन बोलण्याची प्रथा वुड्रो विल्सन यांनी १९१३ साली पुन्हा सुरू केली. याच विल्सन यांनी तरुणपणी, १८८५ साली, आपल्या काँग्रेसचा कारभार समित्यांच्या बंद खोल्यांतून चालतो, अशी टीका करणारा ग्रंथ लिहिला होता, आणि इंग्लंडच्या पद्धतीकडे त्यांचा ओढा होता. निक्सन यांस दिलेल्या माफीविषयी १९७४ साली राष्ट्राध्यक्ष फोर्ड स्वतः समितीपुढे जबाब देण्यास गेले, ती गोष्ट अपवाद म्हणूनच सांगितली जाते. जॉन मेजर यांस ज्या खड्ड्यात उतरावे लागते, तेथे मला जावे लागत नाही हे माझे भाग्य, अशा अर्थाचे उद्गार थोरल्या बुश यांनी काढले होते. २००८ साली निवडणुकीस उभे राहिलेले मॅकेन यांनी, आपण निवडून आलो तर काँग्रेसपुढे येऊन अशीच प्रश्नोत्तरे करू, असे आश्वासन दिले. ते निवडून आले नाहीत आणि ती गोष्ट तेथेच राहिली.

काँग्रेसमधील भाषणांविषयी त्याने सांगितलेला एक किस्सा वाचकांस रंजक वाटेल. १९७९ पासून तेथील प्रतिनिधिगृहाचे कामकाज दूरचित्रवाणीवर दिसू लागले. दिवसाचे काम संपल्यावर काही सभासद उठून प्रतिपक्षावर तिखट भाषणे करीत आणि ‘आहे का यास उत्तर?’ असे आव्हान देऊन थोडे थांबत. पाहणारास वाटे, समोरचे निरुत्तर झाले. १९८४ च्या मे महिन्यात तेव्हाचे सभापती ओनील यांनी कॅमेरा सभोवार फिरविण्याचा हुकूम दिला, तेव्हा देशास कळले की समोर कोणी नव्हतेच! सारी आसने रिकामी. पाहुणा म्हणाला, “आमच्याकडे भाषण कॅमेऱ्याला करतात. लंडनमध्ये समोर बसलेल्या माणसाला करतात. आवडलं ते हेच.”

“मग राग कशाचा आला?” मी विचारले.

राग त्यास आरड्याओरड्याचा आला होता. प्रश्न पुरा होण्याआधीच हशा, उत्तरात उत्तर कमी व टोमणा अधिक, अध्यक्ष ‘शांतता, शांतता’ म्हणून थकलेले. तो म्हणाला, आपण इतक्या दुरून ज्याची कीर्ती ऐकत आलो, ते शाळेच्या मधल्या सुट्टीसारखे निघाले. मी आयुष्यभर मुलांस संस्कृत शिकविले असल्यामुळे मला न्यायशास्त्रातील जुना भेद आठवला व तो मी त्यास सांगितला. आपल्याकडील नैयायिकांनी चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. सत्य काय हे उभयतांस कळावे म्हणून चालते तो वाद. आपला पक्ष जिंकावा म्हणून चालतो तो जल्प. आणि स्वतःचा पक्षच न मांडता केवळ दुसऱ्याचे खंडन करीत सुटणे ही वितंडा. मी म्हणालो, “तू बुधवारी दुपारी पाहिलास तो जल्प, मधूनमधून वितंडाही.”

तो थोडा विचारात पडला व म्हणाला, “पण आजोबा, संध्याकाळी मी परत गेलो होतो. तेव्हा वेगळंच होतं.” त्या वेळी सभागृहात पंचवीस-तीस सभासद असतील. एका कायद्याच्या मसुद्यावर चर्चा चालू होती. बोलणाऱ्या बाई मुद्दा मांडीत असता समोरचा एक जण उठला आणि ‘सन्माननीय सभासद मला क्षणभर वाव देतील काय?’ असे विचारू लागला. बाई खाली बसल्या. त्याने एका कलमातील अडचण दाखविली. बाई पुन्हा उठल्या आणि ‘ही अडचण खरी आहे, परंतु’ असे म्हणून तिचा परामर्श घेऊन पुढे गेल्या. असे तासाभरात सात-आठ वेळा घडले. मला हे ऐकून मोठा आनंद झाला, कारण आपल्या शास्त्रग्रंथांत पूर्वपक्ष म्हणतात तो हाच. प्रतिपक्षाचे म्हणणे त्यास स्वतःस मान्य होईल इतक्या प्रामाणिकपणे आधी मांडावयाचे आणि मग सिद्धान्त सांगावयाचा. पूर्वपक्ष दुबळा मांडला तर सिद्धान्तही दुबळाच राहतो. बुधवारचा अर्धा तास जगभर दिसतो. ही संध्याकाळची शांत चर्चा फारसे कोणी पाहत नाही. परंतु दोन्हींच्या मुळाशी नियम एकच आहे: ज्याच्याविरुद्ध बोलावयाचे तो समोर असला पाहिजे, आणि त्यास उत्तराची संधी असली पाहिजे.

या सभागृहाशी आपल्या लोकांचा संबंध जुना आहे, हे मी त्यास मुद्दाम सांगितले. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात अध्यापक असलेले दादाभाई नौरोजी १८९२ साली फिन्सबरीतून केवळ पाच मतांच्या आधिक्याने निवडून येऊन त्याच बाकांवर बसले. आणि ज्यांचे शालेय शिक्षण आमच्या कागल-कोल्हापुरात झाले, त्या गोपाळ कृष्ण गोखल्यांस तर या सभागृहाच्या शिस्तीचा कडू धडाच मिळाला. १८९७ साली वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यास ते विलायतेस गेले होते. पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तात सोल्जरांनी केलेल्या अत्याचारांच्या बातम्या पत्रांतून त्यांच्या हाती आल्या. त्यांनी त्या तेथील वृत्तपत्रास सांगितल्या. पार्लमेंटात प्रश्न निघाला, मुंबई सरकारने इन्कार केला. परत आल्यावर गोखल्यांस पुरावा पुढे करता येईना, कारण पत्रे लिहिणाऱ्यांची नावे उघड करणे त्यांस शक्य नव्हते. वय अवघे एकतीस. त्यांनी जाहीर माफी मागितली आणि त्यापायी स्वजनांची निंदा अनेक वर्षे सोसली. पुढे वरिष्ठ कायदेकौन्सिलात आकड्यांनिशी बोलणारे, एकही विधान आधारावाचून न करणारे जे गोखले दिसतात, त्यांच्या घडणीत या प्रसंगाचा वाटा असावा, असे मला वाटते.

त्या कौन्सिलाची स्थितीही पाहण्यासारखी होती. १८९२ च्या कायद्याने सभासदांस प्रश्न विचारण्याची मुभा मिळाली, परंतु उपप्रश्न विचारावयाचा नाही! सरकारने लिहून आणलेले उत्तर वाचावे आणि विचारणाऱ्याने मुकाट्याने खाली बसावे. उपप्रश्नाचा हक्क १९०९ च्या सुधारणांनंतर मिळाला, तोही मूळ प्रश्न विचारणाऱ्यापुरताच. म्हणजे आपल्या राजकीय प्रगतीचा इतिहास हा एका अर्थी उपप्रश्न मिळविण्याचा इतिहास आहे. ज्यास उपप्रश्न विचारता येत नाही, त्यास प्रश्न विचारता येतो असे म्हणणे व्यर्थ होय.

येथे पाहुण्याने जो प्रश्न केला तो मोलाचा होता. “मग स्वतंत्र झाल्यावर तुम्ही आमची पद्धत का घेतली नाही? इंग्रजांची का ठेवली?” याचे उत्तर देण्यास सर्वांत योग्य पुरुष म्हणजे डॉ. आंबेडकर, कारण त्यांनी दोन्ही देश विद्यार्थिदशेत जवळून पाहिले होते. १९१३ ते १९१६ ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात होते. पुढे लंडनास राहून तेथील पदव्या व बॅरिस्टरी त्यांनी मिळविली. मधल्या काळात, १९२० च्या मार्चमध्ये, आमच्याच जिल्ह्यातील माणगावच्या परिषदेत शाहू महाराजांनी त्यांचा गौरव केला. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा मांडताना त्यांनी ही तुलना स्पष्ट केली. त्यांच्या विवेचनाचा आशय असा: राज्ययंत्र स्थिर असावे आणि जबाबदारही असावे, परंतु दोन्ही गुण सारख्या प्रमाणात साधणारी रचना अद्याप सापडलेली नाही. अमेरिकेची पद्धत स्थैर्य अधिक देते, इंग्लंडची जबाबदारी अधिक देते. अमेरिकेत कारभाराचा हिशेब ठरावीक मुदतीने निवडणुकीतच होतो. इंग्लंडात तो निवडणुकीतही होतो आणि रोजच्या रोजही होतो. प्रश्नांनी, ठरावांनी, अविश्वासाच्या सूचनेने, तहकुबीच्या सूचनेने. आपल्या देशास हा रोजचा हिशेब अधिक अगत्याचा, म्हणून मसुद्याने स्थैर्यापेक्षा जबाबदारीस झुकते माप दिले.

हे माप फुकट गेले असे म्हणता येणार नाही. १९५६ साली मुंबईच्या प्रश्नावर राजीनामा देऊन अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांनी लोकसभेत पंतप्रधानांच्या समक्ष आपली कारणे सांगितली. मोठे संस्कृतज्ञ, मेघदूताचे मराठी भाषांतरकार, स्वभाव मृदू, परंतु सांगावयाचे ते सांगितले. आयुर्विमा महामंडळाचे पैसे मुंध्रा यांच्या कंपन्यांत गुंतल्याचे प्रकरण १९५७ साली लोकसभेतील प्रश्नोत्तरांतूनच वर आले. मुंबईचे मुख्य न्यायाधीश छागला यांनी चौकशी केली आणि १९५८ साली अर्थमंत्री कृष्णम्माचारी यांस पायउतार व्हावे लागले. पहिल्या लोकसभेचे अध्यक्ष ग. वा. मावळंकर हे मूळचे संगमेश्वराकडील घराण्यातले. त्यांच्याविरुद्धही १९५४ साली ठराव आला, त्यावर चर्चा झाली आणि तो नामंजूर झाला. आकाश कोसळले नाही. परंतु दुसरी बाजूही लपवू नये. पुष्कळदा गोंधळाने प्रश्नोत्तराचा तास बुडतो. २०२० च्या सप्टेंबरातील अधिवेशनात साथीच्या कारणाने तो ठेवलाच नव्हता, लेखी उत्तरे तेवढी मिळाली. आणि २०२३ च्या डिसेंबरात दोन्ही सभागृहांतील मिळून १४६ विरोधी सभासद निलंबित झाले. दोष कोणाचा, हे प्रत्येक वाचक आपापल्या मताप्रमाणे ठरवील. बुडालेल्या तासाचा तोटा मात्र कोणा एका पक्षाचा नसतो.

इतके बोलून आम्ही डोंगर उतरलो. मी आपल्या विद्वत्तेवर बराच संतुष्ट होतो, हे कबूल केले पाहिजे.

चार दिवसांनी, १ मे रोजी, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या आमच्या गावी ग्रामसभा होती. कायद्याने अशा सभा वर्षातून किमान चार घ्याव्या लागतात. ‘तुमचं पार्लमेंट पाहू’, असे म्हणून पाहुणा माझ्याबरोबर आला. सरपंचबाई अध्यक्षस्थानी होत्या. नळाचे पाणी, गावठाणातील दिवे, एका ओढ्यावरची मोरी, असे विषय झाले. इतक्यात मागच्या रांगेतून एक मुलगी उठली. मी शाळेत असताना तिच्या वडिलांना व पुढे तिलाही शिकविलेले. हल्ली ती सरकारी नोकरीच्या परीक्षांचा अभ्यास करते. ती म्हणाली, “सरपंचबाई, माझा प्रश्न वाचनालयाच्या चिटणिसांना आहे. पंचायतीनं पुस्तकांसाठी दिलेले आठ हजार रुपये कशावर खर्च झाले, ते सभेला कळावं.”

वाचनालयाचा चिटणीस मी आहे.

वाचकहो, त्या क्षणी मला काय वाटले ते लपविण्यात अर्थ नाही. पैशाचा अपहार झाला नव्हता. पावत्या घरी कपाटात होत्या. तरीही कानशिले तापली. ज्या मुलीस मी ‘रामः रामौ रामाः’ शिकविले, ती मला हिशेब विचारते! मी बसूनच म्हणालो, “तुझ्या वडिलांना जाऊन विचार, गुरुजींनी कधी कोणाची पै खाल्ली आहे का.” सभेत चारदोन माणसे हसली. तिचा चेहरा पडला. परंतु ती बसली नाही. ती पुन्हा सरपंचबाईंकडे वळून म्हणाली, “बाई, गुरुजींनी पैसे खाल्ले असं मी म्हटलंच नाही. गुरुजींचा मान आहेच. पुस्तकं कुठली घेतली, एवढंच विचारलंय. आम्ही दहा-बारा जणी रोज जातो, आम्हाला लागणारं एकही पुस्तक तिथं नाही.”

हा उपप्रश्न होता, आणि तो खरा होता. त्या आठ हजारांत मी घेतली होती ती माझ्या मते कोणत्याही वाचनालयात असावीतच अशी पुस्तके: संस्कृत काव्यांच्या सटीक आवृत्त्या, एक मोठा कोश, काही चरित्रे. ती पुस्तके वर्षभरात माझ्याखेरीज कोणी हाताळली नव्हती. पोरींनी लिहून दिलेली यादी मी ‘ही काय वाचनाची पुस्तके?’ म्हणून बाजूस ठेवली होती. सरपंचबाई शांतपणे म्हणाल्या, “गुरुजी, उभं राहून सांगा, म्हणजे मागं ऐकू येईल.” मी उभा राहिलो. काय घेतले ते सांगितले, यादीची गोष्टही सांगितली. पुढील खरेदी वाचकांच्या मागणीप्रमाणे होईल आणि १५ ऑगस्टच्या सभेत लेखी हिशेब ठेवीन, असे म्हणालो. मुलगी “बरं, गुरुजी” म्हणून बसली. सभा पुढच्या विषयाकडे वळली. सारे मिळून पाच मिनिटे झाली असतील.

परतताना पाहुणा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “आजोबा, पहिलं उत्तर जल्प होतं ना?” मी म्हणालो, “जल्पही नव्हे. जल्पात निदान मुद्दा असतो.”

त्या रात्री मला महाभारतातील सभापर्वाची आठवण झाली. द्यूतात हरलेल्या द्रौपदीस बोलाविण्याकरिता दूत येतो, तेव्हा ती रडत नाही, प्रश्न विचारते: धर्मराजांनी आधी स्वतःस हरविले की मला? हा तर शुद्ध कायद्याचा प्रश्न. सभेत भीष्म, द्रोण, कृप, धृतराष्ट्र, सारे वडीलधारे बसलेले. भीष्म धर्माच्या सूक्ष्मतेचे कारण सांगून निर्णय टाळतात; बाकीचे माना खाली घालतात. उत्तर देण्यास उठतो तो कौरवांपैकीच एक तरुण भाऊ, विकर्ण. आणि त्यास ‘तू लहान आहेस’ म्हणून गप्प बसविले जाते. ही कथा मी वर्गात अनेकदा सांगितली असेल. दर वेळी दुःशासनाचा राग येई. त्या रात्री प्रथमच ध्यानात आले की सभेचा नाश दुःशासनाने केला, तसाच प्रश्नास उत्तर न देणाऱ्या वडिलांनीही केला. आणि चार तासांपूर्वी मीही त्यांच्याच रांगेत बसलो होतो.

आपल्यासारख्या घरांत मान राखण्याची शिकवण पिढ्यान्‌पिढ्या आहे आणि ती चांगलीच आहे. परंतु तिचा उपयोग आपण बहुतेक प्रश्न थांबविण्याकडे केला. वडिलांस विचारावयाचे नाही, गुरुजींस उलट बोलावयाचे नाही, सासूबाईंनी ठरविले ते ठरले. लंडनच्या त्या सभागृहातही मान आहे. ‘सन्माननीय’ म्हटल्यावाचून वाक्य सुरू होत नाही, आणि जे बोलावयाचे ते अध्यक्षांमार्फत. परंतु तेथे हा मान प्रश्नाच्या आड येत नाही, तो प्रश्नाचे वाहन होतो. सन्माननीय म्हटले, अध्यक्षांकडे पाहिले, की मग कितीही कठीण प्रश्न विचारता येतो, आणि ऐकणाऱ्यासही तो अपमान न मानता सोसता येतो. आमच्या गावच्या त्या मुलीने पार्लमेंट पाहिलेले नाही. तरीही सरपंचबाईंकडे तोंड करून, ‘गुरुजींचा मान आहेच’ म्हणून तिने तेच केले. रीत चुकली ती माझी.

म्हणून वाचकांस एवढेच सुचवावेसे वाटते, की दिल्लीतील वा मुंबईतील सभागृहांत प्रश्नोत्तरे बुडाली म्हणून हळहळण्यापूर्वी आपल्या घरात, शाळेत, संस्थेत ती कधी सुरू तरी झाली काय, हे पाहावे. जेवणानंतर महिन्यातून एक घटका, घरातील सर्वांत लहानास प्रथम विचारू द्यावे, आणि घरातील सर्वांत थोराने उत्तर द्यावे. उत्तर नसेल तर ‘ठाऊक नाही’ म्हणावे. तेही उत्तरच होय.

पाहुणा आपल्या देशी परतला. वाचनालयाच्या मेजावर आता मागणीची वही ठेवली आहे आणि तिची तीन पाने भरली आहेत. पावत्या कपाटातून काढून फाइलीस लावल्या आहेत. १५ ऑगस्टच्या सभेसाठी माझे उत्तर तयार आहे. उपप्रश्न काय येईल, ते मात्र ठाऊक नाही.